अपेंडिक्समध्ये जेली सापडली म्हणजे नक्की काय? एका लॅबवालीने शेजारच्या वहिनींना सांगितलं ते

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी शेजारच्या वहिनी प्लास्टिकची फाइल घेऊन दारात उभ्या. त्यांच्या मिस्टरांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं तीन आठवड्यांपूर्वी, इथेच ठाण्यात, दुर्बिणीतून, दोन दिवसांत घरी पण आले, टाके सुकले, भाऊ कामावर जायला लागले, सगळे विसरूनही गेले. आणि मेडिक्लेमसाठी कागद लावायला बसले तर बिलांच्या खाली एक पान निघालं, त्यावर लिहिलेलं, लो ग्रेड अपेंडिसिअल म्युसिनस निओप्लाझम. मुलाने रात्री मोबाईलवर शोधलं, मग घरात कोणी झोपलं नाही.

"ताई, तुम्ही लॅबमध्ये आहात म्हणून आले. कॅन्सर आहे की नाही, एका शब्दात सांगा."

एका शब्दात ते येत नाही हाच तर घोळ आहे. मी म्हटलं वहिनी बसा, चहा घ्या, हे अर्ध्या तासाचं काम आहे. तेव्हा जे सांगितलं तेच इथे जरा व्यवस्थित लिहितेय. आधीच सांगते की मी डॉक्टर नाही, हिस्टोपॅथॉलॉजी म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासणाऱ्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली, रिपोर्ट आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम देतात, मी तुकडा मेणात बसवून ब्लॉक बनवते, मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे पातळ काप करते, स्लाइड रंगवते. पण डबी उघडताना मॅडमच्या शेजारी मीच उभी असते, त्यामुळे ही गोष्ट मी पाहिलेली आहे.

अपेंडिक्स आमच्याकडे फॉर्मॅलिनच्या डबीत येतं, करंगळीएवढं, बाहेरून लालसर, कापलं की आत पू नाहीतर शौचाचा बारीक खडा. शंभरातली नव्याण्णव अशीच. आणि मग कधीतरी एक डबी येते ज्यातलं अपेंडिक्स अंगठ्याहून जाड, गुळगुळीत, फुगवलेल्या फुग्यासारखं ताणलेलं, मॅडम सुरी लावतात आणि आतून पू नाही, पारदर्शक चिकट जेली बाहेर येते. भेंडी चिरताना सुरीला तार येते ना, तशी तार. पुसली तरी बोर्डवरून निघत नाही. तेव्हा मॅडम हातातलं बाकी सगळं बाजूला ठेवतात आणि म्हणतात, हे पूर्ण घाल. म्हणजे साध्या अपेंडिक्सचे दोनतीन तुकडे तपासले की भागतं, पण हे टोकापासून बुडापर्यंत अख्खंच्या अख्खं तुकडे करून ब्लॉकमध्ये घालायचं, कारण भिंत कुठे एका जागी जरी भेदली गेली असेल तरी ती जागा सुटता कामा नये.

भिंत का एवढी महत्त्वाची, त्यावरच पुढचं सगळं उभं आहे.

आतड्याच्या आतल्या अस्तरात म्युकस म्हणजे बुळबुळीत द्रव बनवणाऱ्या पेशी असतात, अपेंडिक्समध्ये पण असतात, आणि यात काही वाईट नाही. पण अपेंडिक्स म्हणजे एका बाजूने बंद बोळ. आपल्या नौपाड्यातल्या एखाद्या जुन्या बोळासारखी, तोंडाशी टेम्पो अडकला की आतला आतच. आता या पेशी बिघडल्या, वाढायला लागल्या आणि प्रमाणाबाहेर म्युकस करायला लागल्या तर ते जाणार कुठे, साठत राहतं आणि नळी फुगते. फुगलेल्या नळीला म्युकोसील म्हणतात. हा शब्द सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये दिसतो आणि लोकांना वाटतं हेच आजाराचं नाव, पण म्युकोसील म्हणजे फक्त "म्युकस भरून फुगलंय" एवढंच, का फुगलंय ते त्यात येत नाही. कधी नुसता अडथळा असतो, ट्युमर नसतोच. कधी लो ग्रेड असतो, म्हणजे पेशी बिघडल्यात पण दिसायला अजून शांत आणि भिंतीत घुसत नाहीत, ढकलत ढकलत जातात. कधी हाय ग्रेड, दिसायलाच जास्त बिघडलेल्या. आणि कधी सरळ अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे पेशी भिंत पोखरत आत शिरतात, तो मात्र नेहमीच्या अर्थाने कॅन्सर. जुन्या रिपोर्टमध्ये म्युसिनस सिस्टॅडिनोमा असा शब्द सापडेल, तो आता वापरत नाहीत, २०१६ मध्ये जगभरातल्या तज्ञांनी एकत्र येऊन नावं ठरवून घेतली, कारण तोपर्यंत एकाच स्लाइडला तीन डॉक्टर तीन नावं द्यायचे.

आता वहिनींचा प्रश्न. लो ग्रेडवाला कॅन्सर आहे का? मजा अशी की पेशींकडे बघून त्याला कॅन्सर म्हणता येत नाही, पण तो भिंतीतून बाहेर पडला तर अख्ख्या पोटात पसरू शकतो आणि वर्षानुवर्षं छळू शकतो. म्हणून "कॅन्सर आहे का" हा प्रश्नच मी बाजूला ठेवते. विचारायचं हे की जेली अपेंडिक्सच्या आतच आहे की बाहेर आली आहे, आणि बाहेर आली असेल तर त्या जेलीत पेशी आहेत की नुसतीच जेली आहे. नुसती जेली, पेशी नाहीत, तर पुन्हा येण्याची शक्यता बरीच कमी. जेलीत पेशी तरंगतायत, तर त्या पोटात जिथे बसतील तिथे पुन्हा जेली करत राहणार. स्टेज ठरवायच्या पुस्तकातसुद्धा या दोन्हीला वेगवेगळे कोड आहेत, इतका फरक पडतो.

बरं, हा सापडतो कसा. बहुतेक वेळा चुकून, खरंच. उजव्या बाजूला खाली दुखलं, अपेंडिक्स म्हणून काढलं आणि लॅबमध्ये कळलं, जसं भाऊंचं झालं. काढलेल्या अपेंडिक्सपैकी साधारण शंभरात एकात कुठला ना कुठला ट्युमर निघतो, हे त्यातलेच काही. दुसरा प्रकार म्हणजे किडनी स्टोनसाठी सोनोग्राफी केली आणि डॉक्टर म्हणाले हे बाजूला काय फुगलंय. सोनोग्राफीत कधी कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसतात, सीटीमध्ये नळी पंधरा मिलिमीटरच्या वर रुंद आणि भिंतीत कॅल्शियमची वक्र पांढरी रेघ दिसली की रेडिओलॉजिस्ट लगेच सावध होतो. कोलोनोस्कोपी केली तर अपेंडिक्सचं तोंड ज्वालामुखीसारखं उंच आलेलं आणि मधून म्युकस येताना दिसू शकतं, कोलोनोस्कोपी तशीही करून घेतात कारण मोठ्या आतड्यात दुसरं काही नाही ना ते बघायचं असतं.

बायकांमध्ये एक वेगळाच चकवा आहे. पोट वाढलं, सोनोग्राफीत अंडाशयावर मोठी गाठ, म्हणून गायनॅककडे ऑपरेशनला जातात आणि आत बघतात तर जेली, आणि मूळ निघतं अपेंडिक्समध्ये, अंडाशय बिचारं नुसतं पाहुण्याला जागा देऊन बसलेलं. म्हणून म्युसिनस म्हणजे अशी जेली करणारी गाठ असेल तर अपेंडिक्स बघितलंच पाहिजे, आणि आम्ही लॅबमध्ये सीके ७, सीके २०, सॅटबी २ असे विशेष रंग लावून मूळ कुठलं ते शोधतो. पुरुषांमध्ये तर कधी हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये कळतं, पिशवी उघडली आणि आतड्याऐवजी जेली.

रक्ताच्या टेस्ट असतात, सीईए, सीए १९-९, सीए १२५, यांना मार्कर म्हणतात. नॉर्मल आल्या म्हणून आजार नाही असं नाही, पण सुरुवातीचा आकडा लिहून ठेवलेला असला की पुढे वाढला तर लक्षात येतं. एवढंच त्यांचं काम.

आणि एक गोष्ट जोर देऊन सांगते. फुगलेल्या अपेंडिक्समध्ये बाहेरून सुई घालून "बघू काय निघतंय" करायचं नसतं. भरलेल्या फुग्याला टाचणी लावल्यासारखं आहे ते, जे आत बंद होतं ते आपणच पोटात सांडायचं. सर्जनलाही हे काढताना ते न फोडता, प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाहेर काढावं लागतं. दुर्बिणीतून जमत असेल तर दुर्बिणीतून, नाहीतर सरळ पोट उघडून, यात छोट्या टाक्याचा हट्ट धरू नये.

आता माझी एक तक्रार, इतक्या वर्षांची साठलेली. एका नर्सिंग होममधून मागे एक बाई आल्या होत्या आमच्याकडे, अपेंडिक्स दोन वर्षांपूर्वी काढलेलं, आता पोट फुगलंय. जुना बायोप्सी रिपोर्ट द्या म्हटलं तर म्हणाल्या तपासायला पाठवलंच नव्हतं, पेशंटचे पैसे वाचतील म्हणून राहू दिलं. हजारभर रुपये वाचवले. दुसऱ्या टोकाला आमच्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये कधीच कोणी न नेलेले रिपोर्ट पडलेले असतात, फोन केला तर म्हणतात आता बरे आहेत ते, कशाला. भाऊंचा रिपोर्ट निदान फाइलपर्यंत तरी पोचला होता.

तर समजा जेली बाहेर आली आणि पेशींसकट पोटात पसरली, तर त्याला स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय म्हणतात, बोलताना सगळे पीएमपी म्हणतात. नाव १८८४ मध्ये वर्थ नावाच्या जर्मन डॉक्टरने दिलं, म्युकोसीलचं वर्णन तर त्याच्याही आधी १८४२ मध्ये रोकिटान्स्कीने केलेलं. फार दुर्मिळ, दहा लाखांत वर्षाला एक ते चार जण. ऑड्री हेपबर्न ही हॉलिवूडची नटी जानेवारी १९९३ मध्ये ६३ व्या वर्षी याच प्रकारच्या अपेंडिक्सच्या आजाराने गेली.

पीएमपीचं वागणं नेहमीच्या कॅन्सरसारखं नाही. लो ग्रेडमध्ये तो रक्तातून लिव्हरच्या आत किंवा फुफ्फुसात सहसा जात नाही, लसिकागाठींमध्येही क्वचितच. तो पोटातच फिरतो. पोटात थोडं पाणी सतत फिरत असतं, आणि या पेशी स्वतः कुठे चिकटून घर करत नाहीत, पाण्याबरोबर वाहत जातात. ठाण्याच्या खाडीत भरती-ओहोटीला वाहून आलेला कचरा कुठे साठतो बघा, जिथे पाणी संथ आहे आणि जिथे पाणी गाळलं जातं, खारफुटीच्या मुळांत. पोटातही तसंच. उजव्या डायफ्रामच्या म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याच्या खाली आणि ओमेंटम म्हणजे आतड्यांवर पदरासारखी असते ती चरबीची चादर, इथे पाणी शोषलं जातं, म्हणून पेशी तिथे अडकतात. ओटीपोटात वजनाने खाली बसतात. आणि छोटं आतडं सतत हलत असतं म्हणून त्यावर बराच काळ काही बसत नाही. हे वाटतं तेवढं किरकोळ नाही, छोटं आतडं वाचलेलं असतं म्हणूनच तर ऑपरेशन शक्य होतं.

पेशंटला जाणवतं काय तर पँट घट्ट होते. हात-पाय बारीक आणि पोट पुढे. थोडं खाल्लं की भरल्यासारखं. लोक म्हणतात बिअर कमी कर, बायकांना म्हणतात वय झालं. पोटात पाणी झालंय म्हणून सुई घातली तर सिरिंज रिकामी येते, कारण जेली सुईतून ओढली जातच नाही, आणि मग सीटीमध्ये लिव्हरची कड बाहेरून दाबल्यासारखी, शंकरपाळ्याच्या कातरलेल्या कडेसारखी दिसते. सीटी बघून अनुभवी रेडिओलॉजिस्ट फोटोवरच सांगतो.

उपचार. साधी सलाइनमधून देतात ती केमो लो ग्रेडमध्ये फारशी चालत नाही, एक तर पेशी हळू वाढतात आणि वर जेलीत औषध पोचायला रक्तवाहिन्या कुठे आहेत. पूर्वी मग जमेल तेवढी जेली उपसायची, पुन्हा भरली की पुन्हा उपसायची, दर वेळी आतडी जास्त चिकटलेली, शेवटी सर्जन हात टेकायचे. वॉशिंग्टनच्या पॉल शुगरबेकर या सर्जनने हा विचार बदलला, की उपसत बसू नका, पोटाचं आतलं अस्तर जिथे जिथे आजारी आहे तिथून सोलून काढा, ओमेंटम काढा, लागलं तर प्लीहा, पित्ताशय, आतड्याचा तुकडा, अंडाशय, आणि दिसणारं सगळं गेलं की त्याच टेबलावर पोटात गरम केमो फिरवा.

याला सायटोरिडक्शन आणि हायपेक म्हणतात. हायपेकमध्ये बहुतेक मायटोमायसिन हे औषध ४१ ते ४३ डिग्रीला गरम करून तास-दीड तास नळ्यांमधून पोटात फिरवतात, शरीराच्या ३७ पेक्षा थोडंच जास्त, पण तेवढ्या उष्णतेने औषध जास्त लागू पडतं. हे लक्षात ठेवा की औषध फक्त दोनतीन मिलिमीटर आत जातं. म्हणजे दाण्याएवढी गाठ राहिली तर हायपेक काही करणार नाही, खरं काम सर्जनच्या हाताचं. नुसतं हायपेक करून देतो असं कोणी म्हटलं तर उठून या.

किती पसरलंय हे मोजायला पोटाचे १३ भाग करतात, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, बेरीज जास्तीत जास्त ३९. आपल्याकडे मार्क जास्त म्हणजे चांगलं, इथे उलटं. ऑपरेशन संपल्यावर किती उरलं याचाही स्कोअर असतो, काहीच दिसत नाही किंवा अडीच मिलिमीटरपेक्षा बारीक उरलंय, तर पूर्ण झालं असं धरतात. लो ग्रेडमध्ये बेरीज मोठी असली तरी छोटं आतडं मोकळं असेल तर प्रयत्न करतात, हाय ग्रेड किंवा अ‍ॅडिनोकार्सिनोमा असेल तर हिशेब कडक होतो आणि तिथे साधी केमो पण येते, उजव्या बाजूचं मोठं आतडं काढायचा विचार पण येतो.

ऑपरेशन आठ-दहा तास, कधी जास्त. नंतर आयसीयू, काहींना काही महिने पोटावर शौचाची पिशवी. प्लीहा काढावी लागेल असं वाटत असेल तर न्यूमोकोकस वगैरेच्या लसी शक्यतो दोन आठवडे आधी घेऊन ठेवायच्या, हे विचारायला लोक विसरतात. धोका आहेच. २०१२ मध्ये जगातल्या १६ सेंटरमधल्या २,२९८ पेशंटचा एकत्र अभ्यास आला होता, त्यात उपचारामुळे मृत्यू दोन टक्के, मोठी गुंतागुंत २४ टक्के, आणि दहा वर्षांनंतर जिवंत ६३ टक्के. ऐकून वहिनींना पहिल्यांदा धीर आला, कारण मुलाने मोबाईलवर काय वाचलं होतं देव जाणे.

यात सगळ्यात मोठी गोष्ट घाई न करण्याची आहे. लो ग्रेडवाला सावकाश चालणारा गडी आहे, दोन-तीन आठवडे नीट चौकशीत गेले तर बिघडत नाही, पण पहिलं मोठं ऑपरेशन अर्धवट झालं तर दुसरं फार अवघड होतं. म्हणून हे काम वारंवार करणाऱ्या टीमकडेच जायचं. आपल्याकडून परळचं टाटा मेमोरियल आणि खारघरला त्यांचंच अ‍ॅक्ट्रेक, ठाण्याहून पनवेलची ट्रान्स हार्बर पकडली की थेट खारघर. जिथे जाल तिथे विचारा, वर्षाला अशा किती केसेस करता, लाजायचं काय त्यात, आपण फ्रिज घेताना दहा दुकानं फिरतो. महात्मा फुले योजनेत बसतं का ते आरोग्यमित्राच्या टेबलावर आधी जाऊन, कोणतं पॅकेज ते लिहून घ्यायचं.

आणि जाताना नुसता कागद नेऊ नका, लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक मागून न्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुमच्या अपेंडिक्सचा तुकडा, त्यातून नवीन स्लाइड कापता येते आणि दुसरे पॅथॉलॉजिस्ट स्वतः बघून ठरवतात. रजिस्टरवर सही करून लॅब देते. फक्त उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण साठ डिग्रीच्या आसपास वितळतं आणि मे महिन्यात बंद गाडीत काचेखाली तेवढं सहज होतं, मी स्वतः एकाचा ब्लॉक चपटा होऊन परत आलेला बघितलाय.

वहिनींनी मध्येच विचारलं, "मुलाला पण होईल का हो, हे खाण्यातून वगैरे?" नाही. यात पेशींमध्ये केआरएएस, जीएनएएस अशा जीन्समध्ये जे बदल सापडतात ते त्या ट्युमरमध्येच झालेले असतात, आईबापाकडून आलेले नाहीत. आणि पेरूच्या बिया गिळल्याने तर अजिबात नाही, हे मला भाऊंच्या आईंना वेगळं सांगावं लागलं.

मग आम्ही दोघींनी रिपोर्ट एकत्र वाचला, पहिल्या ओळीवर न थांबता खालपर्यंत. आम्ही शोधत होतो चार गोष्टी, ग्रेड काय, भिंत फुटली का, बाहेरच्या पृष्ठभागावर म्युसिन म्हणजे तीच जेली आहे का, आणि बुडाची कड म्हणजे जिथून कापलं ती जागा मोकळी आहे का. भाऊंच्या रिपोर्टमध्ये लो ग्रेड, भिंत शाबूत, बाहेर म्युसिन नाही, कड मोकळी. पण "पूर्ण अपेंडिक्स तपासलं" असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि ती लॅब आमची नव्हती. तेवढं एक फोन करून विचारायला सांगितलं. फोनवर कळलं तीन तुकडेच घेतले होते, उरलेलं अजून डबीत आहे. डबी टाकली नव्हती हे नशीब, साधारण महिन्याभराने टाकतात.

उरलेलं घातलं, नवीन स्लाइड झाल्या, वहिनी स्टीलच्या पोळीच्या डब्यात रुमालात गुंडाळून ब्लॉक घेऊन स्लो लोकलने परळला गेल्या. तिथेही तेच आलं, सगळं आतच होतं. भिंत शाबूत आणि कड मोकळी असेल तर अपेंडिक्स काढलं हाच पूर्ण उपचार, केमो नाही, आतडं कापणं नाही. मार्करचे आकडे लिहून ठेवलेत, कोलोनोस्कोपी झाली, सीटी ठरलेल्या तारखांना. त्या तारखा वहिनींनी कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिल्यात, गॅस सिलिंडरच्या नोंदीच्या खाली, आणि रिपोर्ट आता बिलांच्या वर लावलाय.